बरण्यांतून आलेलं औषध

पोस्टानं काय काय जातं! राख्या जातात, दिवाळीचा फराळ जातो, सासरी गेलेल्या लेकीसाठी आईनं घातलेलं लोणचंही जातं. अमेरिकेत फळांचे मुरांबे टिकवायला जाड काचेच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरण्या घरोघर असत. १९४८ पासून पुढची काही वर्षं अशाच बरण्या न्यूयॉर्क शहर आणि ऑल्बनी या दोन गावांमध्ये टपालानं ये-जा करत होत्या. अंतर म्हणाल तर साधारण पुणे-कोल्हापूर इतकं. बरण्यांत मुरांबा मात्र नव्हता. शेतातल्या, बागेतल्या मातीतून वेगळे काढून वाढवलेले सूक्ष्मजंतू त्यांत होते. न्यूयॉर्कहून बरणी पाठवणाऱ्या बाईंचं नाव होतं एलिझाबेथ ली हेझन आणि ऑल्बनीला ती उघडणाऱ्या बाईंचं रेचल फुलर ब्राउन. या दोघींच्या टपालातून एक औषध जन्माला आलं. ते निस्टॅटिन. बुरशीजन्य रोगांवर माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं ते पहिलं उपयुक्त अँटिबायोटिक.

माझं सारं आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं. काचेच्या बशीवर वाढलेले यीस्टचे पांढरे, लोण्याच्या गोळ्यासारखे ठिपके मी हजारोंनी पाहिले असतील. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत यीस्ट सापडली एवढा रिपोर्ट दिला की आमचं काम संपे. पुढचं औषध डॉक्टरांच्या तोंडपाठ असे. पुढं पुढं मात्र रिपोर्टात आणखी एक रकाना आला: कुठल्या औषधाला ही यीस्ट दाद देते आणि कुठल्या औषधाला देत नाही. त्या रकान्यात दाद देत नाही असा शेरा लिहिण्याची वेळ जसजशी वारंवार येऊ लागली, तसतशी मला हेझनबाईंची आठवण अधिक येऊ लागली. त्यांच्या चरित्रात या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे असं माझं मत आहे. म्हणून आज त्यांची गोष्ट.

एलिझाबेथचा जन्म २४ ऑगस्ट १८८५ चा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातलं रिच नावाचं खेडं. नाव श्रीमंतीचं असलं तरी मुलुख कापसाच्या शेतीवर जेमतेम जगणाऱ्यांचा. वयाची चार वर्षं पुरी व्हायच्या आतच तिचे आईवडील वारले. पोरक्या झालेल्या मुलींना काका-काकूंनी आपल्या घरी आणलं आणि पोटच्या पोरांसारखं वाढवलं. शाळा गावातलीच, एका खोलीची. पण पुस्तकाची गोडी लागलेली मुलगी एका खोलीतही पुष्कळ शिकते. राज्य सरकारनं मुलींसाठी चालवलेल्या कॉलेजातून १९१० साली एलिझाबेथ पदवीधर झाली आणि जॅक्सन शहरातल्या हायस्कुलात जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवू लागली.

त्या काळात शिकलेल्या मुलीची वाट इथं संपायची. नोकरी शाळेतली, नाहीतर लग्न. हेझनबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत इतर विद्यापीठांतले अभ्यासक्रम केले, पैसे साठवले आणि तिशी उलटल्यावर थेट न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ गाठलं. १९१७ साली मास्टरची पदवी हाती आली, तेव्हा अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. बाई लष्कराच्या रोगनिदान प्रयोगशाळेत दाखल झाल्या. युद्धानंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही वर्षं काम केलं. मग पुन्हा कोलंबिया. एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं, त्यावर त्यांनी संशोधन केलं आणि १९२७ साली डॉक्टरेट मिळवली. वय वर्षं बेचाळीस. आपल्याकडे या वयाला लोक मुलांच्या लग्नाच्या गोष्टी करू लागतात. बाईंचं खरं काम अजून सुरूही व्हायचं होतं.

१९३१ साली त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. खात्याचं मुख्य ठाणं राजधानी ऑल्बनीला, बाईंची नेमणूक न्यूयॉर्क शहरातल्या शाखेत. इथं त्यांचा स्वभाव आणि काम यांची गाठ पडली. साथ कुठून आली हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अँथ्रॅक्सचे रोगी आढळले, तेव्हा माग काढत काढत त्या ब्रश बनवणाऱ्या एका कारखान्यापर्यंत पोचल्या. परदेशातून आलेल्या डबाबंद माशांतून विषबाधा झाली, तर त्यामागचा जंतू नेमका कुठल्या प्रकारचा हे त्यांनी निश्चित केलं. गुन्हेगार पकडण्यापूर्वी त्याचं नाव, गाव, कुळ पक्कं करायचं, अंदाजावर जायचं नाही, ही त्यांची रीत.

आता थोडं विषयांतर करून त्या काळातल्या एका नव्या संकटाबद्दल सांगायला हवं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि न्यूमोनियानं, जखमा चिघळून मरणारी माणसं वाचू लागली. पण आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर जिवाणूंबरोबर यीस्टही मुक्काम ठोकून असतात. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ही दूरची भावंडं. त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. एरवी जिवाणूंच्या गर्दीत तिला अंग पसरायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिकनं जिवाणू मारले की ती जागा रिकामी होते. घराचा मालक गावाला गेल्यावर अंगणात गवत माजावं, तशी ही यीस्ट माजते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसतो तो हिचाच. बायकांना होणारी खाज आणि अंगावरून पांढरं जाणं यांच्या मागंही पुष्कळदा हीच असते. अशक्त रोग्याच्या रक्तात शिरली तर प्राणावर बेतते. जिवाणूंवर तोफा तयार झाल्या होत्या. बुरशीवर मात्र तोंडात लावायचं ते जांभळं जेन्शन व्हायोलेट आणि असलेच काही लेप, एवढीच सामग्री होती.

याला कारण आहे. जिवाणू आणि आपण यांच्या पेशींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुरशीची पेशी मात्र पुष्कळ अंशी आपल्यासारखी. तिला मारेल ते विष आपल्यालाही बाधण्याची भीती. शेजाऱ्याच्या भिंतीवर घाव घालावा आणि आपल्याच घराला तडा जावा, असा हा प्रकार.

१९४४ साली खात्यानं बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासाची जबाबदारी हेझनबाईंवर सोपवली. वय एकोणसाठच्या घरात. त्यांनी कोलंबियात जाऊन नव्यानं या शास्त्राचे धडे घेतले. रोग्यांच्या नमुन्यांतून आलेल्या बुरशींचा संग्रह करायला सुरुवात केली. प्रत्येक नळीवर क्रमांक, प्रत्येकीची ओळख पक्की. मग त्यांच्या मनात आलं, की याच बुरशींना मारणारं काही मातीत सापडेल का? मातीत स्ट्रेप्टोमायसेस नावाचे धाग्यासारखे वाढणारे जंतू असतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो मुख्यतः त्यांच्यामुळंच. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध १९४३ साली यांच्याच एका जातीतून मिळालं होतं. जिवाणूंवर औषध देणाऱ्या या कुळात बुरशीवरचं औषधही असेल, हा बाईंचा कयास.

पण जंतू औषध बनवतो हे कळलं, तरी ते त्या रश्शातून शुद्ध स्वरूपात काढायला रसायनशास्त्रज्ञ लागतो. खात्याच्या संचालकांनी १९४८ साली ऑल्बनीतल्या रेचल ब्राउन यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. ब्राउनबाई तेरा वर्षांनी लहान. त्यांचंही आयुष्य खडतर. वडील कुटुंब सोडून गेलेले, आईनं नोकरी करून मुलं वाढवली. आजीच्या एका सधन मैत्रिणीनं या हुशार मुलीच्या कॉलेजचा खर्च उचलला म्हणून ती शिकू शकली. शिकागोला डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला, पण पैसे संपले म्हणून तोंडी परीक्षा न देताच १९२६ साली नोकरीवर रुजू व्हावं लागलं. पदवी मिळाली ती सात वर्षांनी, १९३३ साली.

आणि मग सुरू झाली ती बरण्यांची ये-जा. हेझनबाई मातीचे नमुने घेत, त्यांतून स्ट्रेप्टोमायसेस वेगळे काढत आणि दोन बुरशींसमोर उभे करत. एक कॅन्डिडा अल्बिकन्स, दुसरी मेंदूचा दाह करणारी क्रिप्टोकॉकस. एखाद्या जंतूनं या दोघींची वाढ रोखली, की त्याची बरणी ऑल्बनीला. ब्राउनबाई निरनिराळ्या द्रावकांनी त्यातला गुणकारी अंश वेगळा काढत आणि तो परत न्यूयॉर्कला धाडत. तिथं हेझनबाई पुन्हा बुरशींवर तपासत, मग प्राण्यांवर. बहुतेक वेळा निराशाच पदरी यायची. बुरशी मरायची, पण प्राणीही दगावायचा. तो नमुना बाद. पुढची बरणी.

हातात यश आलं ते मैत्रीतल्या मातीतून. व्हर्जिनिया राज्यात वॉरेंटन गावाजवळ नूर्स नावाच्या स्नेह्यांचा गोठा आणि शेती होती. तिथं गेल्या असताना बाईंनी मातीचा नमुना उचलला. त्यातल्या जंतूनं दोन पदार्थ तयार केले. एक प्राण्यांना सोसला नाही. दुसरा मात्र बुरशीला मारत होता आणि प्राण्यांना सोसत होता. तो जंतू पूर्वी कोणी वर्णन केलेला नव्हता. स्नेह्यांच्या आडनावावरून त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसेस नूर्सी. १९५० च्या ऑक्टोबरात या शोधाची जाहीर घोषणा झाली. औषधाला आधी फंजिसायडिन म्हणायचं ठरलं होतं, पण ते नाव दुसऱ्याच कशाला तरी दिलेलं निघालं. मग न्यूयॉर्क स्टेट या शब्दांवरून निस्टॅटिन हे नाव आलं. दोन सरकारी नोकरदार बायकांनी आपल्या शोधाला आपल्या खात्याच्या राज्याचं नाव दिलं. १९५४ साली स्क्विब कंपनीनं त्याच्या गोळ्या बाजारात आणल्या.

निस्टॅटिनची करामत समजायला यीस्टच्या पेशीकडे पाहावं लागेल. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तर बुरशीच्या पडद्यात त्याच्याच जातकुळीचं पण थोडं वेगळं एर्गोस्टेरॉल. निस्टॅटिन या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. पडदा फुटका होतो, आतले क्षार झिरपून बाहेर जातात आणि पेशी मरते. त्याची एक मर्यादा मात्र आहे. गिळलं तर ते आतड्यातून रक्तात शिरत नाही आणि सुईनं दिलं तर अपाय करतं. म्हणून तोंड, आतडं, त्वचा, योनिमार्ग इथल्या यीस्टवरच त्याचा उपयोग. पण ही मर्यादाच त्याचा एक गुण ठरली, हे पुढं दिसेलच. रक्तातल्या बुरशीसाठी याच घराण्यातलं अॅम्फोटेरिसिन बी १९५० च्या दशकातच आलं. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून ते मिळालं. ते प्रभावी खरं, पण मूत्रपिंडांना जड. २०२१ साली करोनानंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीची साथ आली, तेव्हा याच इंजेक्शनासाठी नातेवाईक गावोगाव धावत होते, ते वाचकांना आठवत असेल.

या घराण्याशी आपलंही नातं आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथं बुरशीतज्ज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवर चालणारं हॅमायसिन शोधून काढलं. ज्या जंतूपासून ते मिळालं, त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. व्हर्जिनियाच्या एका गोठ्याचं नाव जसं शास्त्रात अमर झालं, तसं आपल्या पिंपरीचंही झालं. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पैशाचं काय झालं, हेही सांगायला हवं. पेटंटपोटी एक कोटी चौतीस लाख डॉलर्स मिळाले. दोघींनी त्यातला एक डॉलरही स्वतःसाठी घेतला नाही. सगळा पैसा एका ना-नफा संस्थेकडे गेला. निम्मा विज्ञानातल्या सर्वसाधारण संशोधनाला, निम्मा दोघींच्या नावानं असलेल्या निधीला. बुरशीरोगांच्या अभ्यासाला त्या काळात कोणी दारात उभं करत नव्हतं. कित्येक तरुण संशोधकांची चूल या निधीवर पेटली. रेचल ब्राउन यांना कॉलेजसाठी जे मिळालं होतं, ते असं व्याजासकट समाजाला परत गेलं. निस्टॅटिनचे उपयोगही नाना तऱ्हेचे झाले. १९६६ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पूर आला, तेव्हा भिजलेल्या कलाकृतींवरची बुरशी रोखायलाही ते वापरलं गेलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९८० च्या दशकाअखेर फ्लुकोनाझोल नावाची गोळी आली. गिळायला सोपी, रक्तात सहज मिसळणारी, मूत्रपिंडांना न छळणारी. डॉक्टरांना ती वरदानच वाटली आणि होतीही. ती ज्या अॅझोल घराण्यातली, त्या औषधांची रीत निस्टॅटिनहून निराळी आहे. निस्टॅटिन तयार भिंत फोडतं. अॅझोल त्या भिंतीच्या विटा पाडणाऱ्या कारागिराचे हात बांधतं. कारागीर म्हणजे एर्गोस्टेरॉल बनवणारं एक विकर. विटाच मिळाल्या नाहीत की यीस्टची वाढ खुंटते. पण कॅन्डिडा यानं बहुधा मरत नाही, नुसती थांबते. उरलेलं काम रोग्याच्या प्रतिकारशक्तीनं करायचं असतं. एड्सच्या रोग्यांत ती शक्तीच उरलेली नसते. तोंडात पुन्हा पुन्हा यीस्ट, म्हणून महिनोन्महिने गोळी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशा रोग्यांत गोळीला न जुमानणारी कॅन्डिडा दिसू लागली.

ती अशी कशी होते? पुष्कळांना वाटतं, की आपल्या शरीराला औषधाची सवय होते. तसं नाही. बदलते ती यीस्ट. औषध तिला काही शिकवतं असंही नाही. कोट्यवधी पेशी दुभंगत असताना नक्कल करण्यात चुका होतात आणि एखादी चूक योगायोगानं फायद्याची ठरते. औषध चाळणीसारखं काम करतं. साध्या पेशी चाळून निघून जातात, वर उरतात त्या या वेगळ्या. त्यांना मग सगळं रान मोकळं.

या चुकांचे प्रकारही ऐकण्यासारखे आहेत. काही यीस्टमध्ये त्या कारागिराचा आकारच किंचित बदलतो, मग औषधाची दोरी त्याच्या हातांना बसत नाही. काहींत कारागीर इतके वाढतात, की औषधाला सगळ्यांचे हात बांधता येत नाहीत. काहींच्या पडद्यात पंप असतात. होडीत शिरलेलं पाणी नावाडी उपसून टाकतो, तसे ते औषध आत आलं की बाहेर फेकतात. या पंपांची संख्या वाढली, की औषध पेशीत साठूच शकत नाही. काही यीस्ट तर आपल्या एखाद्या गुणसूत्राचा तुकडा दुपटीनं बाळगतात आणि त्यावरचे कारागीर आणि पंप अशा दोन्ही गोष्टी एका झटक्यात वाढवून घेतात. शिरेत ठेवलेल्या नळीवर यीस्ट चिकट थर करून बसली, तर त्या थराच्या आत औषध नीट पोचतच नाही. नळी काढल्याखेरीज अशा वेळी गत्यंतर नसतं. जिवाणू एकमेकांना प्रतिकाराची जनुकं उसनी देतात, तशी उसनवारी यीस्टमध्ये सहसा चालत नाही. प्रत्येक यीस्ट आपल्यापुरती ही वाट शोधते. म्हणूनच आपण औषधाचा मारा कमी केला, तर ही वाट सापडण्याची संधीही कमी होते.

मग निस्टॅटिनच्या घराण्याला प्रतिकार इतका कमी का? कारण त्यातून सुटायचं तर यीस्टला एर्गोस्टेरॉलच सोडावं लागतं किंवा बदलावं लागतं. चोराच्या भीतीनं घराच्या भिंतीच पाडून टाकण्यासारखं ते आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की अॅम्फोटेरिसिनला दाद न देणाऱ्या कॅन्डिडा अल्बिकन्स स्वतःच इतक्या दुबळ्या होतात, की ताप किंवा शरीराचा साधा प्रतिकारही त्यांना झेपत नाही. शिवाय निस्टॅटिन जिथं लावू तिथंच राहतं, अंगभर पसरत नाही. सोय कमी, म्हणून वापर बेताचा. गोळी सोयीची, म्हणून वापर बेसुमार.

परिणाम समोर आहे. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध बाईच्या कानातून कॅन्डिडा ऑरिस नावाची नवी यीस्ट सापडली. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. काही वर्षांतच ती निरनिराळ्या खंडांतल्या अतिदक्षता विभागांत आढळली. आपल्याकडे दिल्लीतल्या रुग्णालयांतून २०१३ साली तिची नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार तिथले सुमारे ९० टक्के नमुने फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत आणि ३० टक्क्यांच्या आसपास अॅम्फोटेरिसिनलाही. म्हणजे जुन्या घराण्याची भिंतही अभेद्य राहिलेली नाही. ती खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर, माणसाच्या त्वचेवर दिवसेंदिवस टिकते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशींची पहिली यादी केली, त्यात सर्वांत वरच्या गटात हिला आणि कॅन्डिडा अल्बिकन्सला बसवलं. रक्तातल्या यीस्टवर चालणाऱ्या औषधांची मुख्य घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. २००१ पासून एकिनोकॅन्डिन हे एक नवं घराणं मिळालं, पण त्यालाही न जुमानणाऱ्या यीस्ट दिसू लागल्या आहेत.

हा सारा मामला मोठ्या रुग्णालयांचा, आपला काय संबंध, असं वाचकांनी समजू नये. आमच्या शेजारच्या एका काकूंनी मध्यंतरी मला एक गोळी दाखवून विचारलं, की ती घेऊ का. सुनेला दिली होती, चार उरल्या होत्या, म्हणून जपून ठेवलेल्या. त्यांना होतं काय, तर जिभेची आग. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत यीस्टचा मागमूस नव्हता. रक्तक्षय होता. त्या गोळ्यांनी जिभेची आग गेली नसतीच, उलट अंगावरच्या निरुपद्रवी यीस्टना मात्र ती चाळणी लागली असती. गजकर्णावरच्या मलमांचीही तीच तऱ्हा. गजकर्णाची बुरशी ही यीस्ट नव्हे, पण गोष्ट तीच. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि स्टिरॉइड असं तीनही एकत्र असलेली मलमं वर्षानुवर्षं घरोघर फिरली. खाज थांबते, रोग पसरतो. २०१८ साली सरकारनं अशी स्टिरॉइडची मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम पाळणं हे दुकानदाराच्या आणि आपल्याही हातात आहे. द्राक्षबागांत भुरीवर जी औषधं फवारतात, त्यांतही अॅझोल घराण्यातली आहेत. शेतातली आणि रुग्णालयातली औषधं सख्खी भावंडं असतील, तर बांधावरची बुरशी फुप्फुसातल्या बुरशीवरच्या उपचाराला अडचण करू शकते, हे हवेतून पसरणाऱ्या अॅस्परजिलस या बुरशीच्या बाबतीत दिसलेलं आहे.

इथं मला हेझनबाईंची रीत आठवते. नाव, गाव, कुळ पक्कं केल्याशिवाय पुढं जायचं नाही. निस्टॅटिनच्या यशानंतर त्या औषधाच्या कौतुकात रमल्या नाहीत. १९५५ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर पुस्तक लिहिलं, ते रोगकारक बुरशी प्रयोगशाळेत ओळखायच्या कशा यावर, सोप्या भाषेत, साध्या तंत्रज्ञांसाठी. हे पुस्तक निस्टॅटिनइतकंच मोलाचं आहे असं मी मानतो. कारण बशीवर सारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांत कॅन्डिडा क्रूसी नावाची एक यीस्ट असते. ती फ्लुकोनाझोलला जन्मतःच दाद देत नाही. ओळख न पटवता गोळी दिली, तर रोगी तसाच राहतो, दिवस जातात आणि प्रतिकारक्षम यीस्टना मात्र मोकळं रान मिळतं. औषधाची धार टिकवायची पहिली पायरी औषधात नाही, ओळखीत आहे.

१९६० साली बाई निवृत्त झाल्या. वय पंचाहत्तर. घरी बसायच्या ऐवजी त्या कोलंबियाच्या बुरशी प्रयोगशाळेत पाहुण्या संशोधक म्हणून रोज जाऊ लागल्या. पगार नाही, पद नाही. प्रसिद्धीचा त्यांना मनापासून कंटाळा. १९७३ साली आजारी बहिणीला भेटायला त्या सिअॅटलला गेल्या. तिथं त्यांचीच प्रकृती ढासळली आणि २४ जून १९७५ रोजी, नव्वदीला दोन महिने उरले असताना, त्यांनी डोळे मिटले. त्याच वर्षी अमेरिकन रसायनतज्ज्ञांचा एक मानाचा पुरस्कार दोघींना जाहीर झाला. तोवर तो कुठल्याही स्त्रीला मिळालेला नव्हता. ब्राउनबाई १९८० च्या जानेवारीत गेल्या. अमेरिकेच्या शोधकांच्या राष्ट्रीय दालनात दोघींची नावं लागली ती १९९४ साली.

त्यांचं औषध सत्तर वर्षांनंतरही बाळाच्या तोंडातल्या पांढऱ्या थरावर दिलं जातं आणि बहुतेक वेळा काम करतं. नवी औषधं येतील, यावीत. पण मातीतून औषध काढायला दोघींना जितका धीर धरावा लागला, त्याच्या पासंगालाही न पुरणारा धीर आपल्याकडून मागितला जातो आहे. डॉक्टरांना विचारायचं, की हे नक्की काय आहे. गरज असेल तर तपासणी करायची. औषध सांगितलं तेवढं, सांगितलं तितके दिवस घ्यायचं आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जपून ठेवायच्या नाहीत. एवढं घराघरांत झालं, तर आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या लोकांना रिपोर्टात तो नकोसा शेरा थोडा कमी वेळा लिहावा लागेल.